परपज काय?

बाबांना इंग्रजीतला एकच शब्द पक्का येत होता, आणि तो त्यांनी कारखान्यातून घरी आणला होता. परपज. आम्ही तेव्हा नंदनवन नावाच्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, मागे मोरी आणि तिच्या कडेला आईनं लावलेला सांबार. पुण्यामुंबईकडचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. बाबा लोखंड ओतण्याच्या कारखान्यात होते. त्यांच्या सगळ्या सदऱ्यांच्या बाह्यांवर ठिणग्यांनी पडलेली बारीक भोकं असायची आणि अंगाला कितीही साबण लावला तरी जळक्या मातीचा वास जायचा नाही. पहिल्या पाळीला ते सकाळी सहाच्या आत निघत आणि साडेतीनला परतत. त्यांची सायकल गल्लीत वळली की चेनच्या झाकणाचा खडखडाट ऐकू यायचा. मग आई स्टोव्हचा आवाज कमी करायची आणि आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहायचो. सायकल त्यांनी सावकाश स्टँडवर चढवली तर दिवस बरा. भिंतीवर आदळली तर वाईट. बऱ्या दिवशी ते कागदात बांधून आलूबोंडे आणत, मला मांडीवर घेऊन पहिला घास माझ्या तोंडात घालत, आणि आई वाढत असताना म्हणत, "सुभद्रे, तुह्या हातच्या वांग्याच्या भाजीले तोड नाही गा." 'गा' आमच्याकडे पुरुषांना म्हणतात; तो बायकोला लावला म्हणजे ते फारच खुशीत असायचे. हे दिवस होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. ते नसते तर सगळं सोपं झालं असतं.

वाईट दिवशी शब्द यायचा. "कुठी गेली होती?" "मीठ संपलं होतं जी." "मीठ घ्याले गेली होती? मंग एवढा वेळ? परपज काय?" आई काही उत्तर द्यायची. उत्तर कुठलंही असो, ते चुकीचंच निघायचं. शेजारच्या गंगाकाकूकडे गेली तर परपज काय, न्हाऊन केस मोकळे सोडले तर परपज काय, खिडकी उघडी ठेवली तर परपज काय. दोनदा विचारायचे आणि तिसऱ्यांदा हात उठायचा. आधी हात, मग कमरेचा पट्टा, आणि पट्टा सापडला नाही तर जे हाताशी असेल ते. एकदा फुंकणी होती. एकदा माझी शाळेची लाकडी पट्टी होती, ती आईच्या पाठीवर मोडली आणि मला दुसऱ्या दिवशी भूमितीच्या तासाला बाहेर उभं राहावं लागलं. आई मार खाताना ओरडत नसे. दात आवळून नाकानं श्वास सोडत असे. तो आवाज मला अजून ओळखता येतो. गर्दीत कुणी बाई तसा श्वास सोडते आणि मी वळून पाहते.

मला मार कमी बसायचा, पण बसायचा. आणि शाळेत जायच्या आधीपासून बसायचा, म्हणून कितीतरी वर्षं परपज म्हणजे मार असंच मी समजत होते. गंगाकाकू सांगायच्या की चार-पाच वर्षांची असताना मी त्यांच्या ओट्यावर चिंध्यांच्या बाहुलीला दटावत बसले होते, "जेव, नाही तर परपज देईन." काकू हे हसत सांगत. त्यांना दोष देऊन काय उपयोग. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत होती, त्यांना सगळं ऐकू जायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या आईला वाटीभर तेल-हळद आणून देत. त्या काळी शेजाऱ्यानं करायचं ते एवढंच होतं.

हा शब्द बाबांकडे आला कुठून, ते मला आईनं फार उशिरा सांगितलं. माझ्या आधी एक भाऊ झाला होता. आठ महिन्यांचा असताना त्याला ताप चढला, डोळे फिरवले. गंगाकाकूंच्या यजमानांनी कारखान्यात निरोप पोचवला. पाळी सुरू असताना बाहेर पडायला चिठ्ठी भरावी लागे. बाबा सातवी मराठी शिकलेले. त्यांनी नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि शेवटचा रकाना कोरा ठेवला, कारण तो इंग्रजीत होता. फाटकावरच्या माणसानं चिठ्ठी परत केली. साहेबाकडे गेले, तर साहेब म्हणाला, "परपज लिखो, परपज." ते काय असतं हे विचारायची बाबांना लाज वाटली. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, वाचता येणारा कुणी भेटेपर्यंत ते फिरत राहिले. घरी आले तेव्हा आई पोराला मांडीवर घेऊन बसली होती आणि पोर गार झालं होतं. त्या दिवसापर्यंत त्यांनी तिच्या अंगाला बोट लावलं नव्हतं, असं आई म्हणाली. हे ऐकल्यावर मला त्यांची कीव आली. आजही येते. पण वळ उठले ते आमच्या पाठीवर, साहेबाच्या नाही, हेही मी विसरत नाही.

नववीत आम्हाला इंग्रजीला इंदूबाई होत्या. पांढरं पातळ, डोळ्यांवर जाड चष्मा, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरची मुलगीही झोपू शकत नसे. त्या दर आठवड्याला एक शब्द फळ्यावर लिहीत आणि तो किती तऱ्हांनी वापरता येतो ते सांगत. एके दिवशी माझं लक्ष वहीत होतं. बाईंनी खडूनं काहीतरी लिहिलं, वळल्या, आणि माझ्याच बाकाजवळ येऊन खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पर्पज!" माझे दोन्ही हात आपोआप डोक्यावर गेले आणि मी बाकाखाली वाकले. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग फळ्याकडे जाऊन त्यांनी नेहमीसारखं शिकवलं. एक अर्थ हेतू. त्याच शब्दाआधी छोटासा 'ऑन' लावला की मुद्दाम, जाणूनबुजून. आणि 'टू नो पर्पज' म्हणजे व्यर्थ, काही उपयोग न होता. मी वहीत तिन्ही अर्थ उतरवले. ते पान मी नंतर फाडून टाकलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात भीतीचा शब्द एक साधा, रोजच्या वापरातला शब्द होता, आणि बाबा आईला इतकी वर्षं फक्त 'कशासाठी' असं विचारत होते, हे मला त्या तासाला कळलं.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. काही विचारलं नाही. माझ्या पोलक्याची मागची कड बोटानं जराशी खाली केली, पाहिलं, आणि परत वर केली. "आईला भेटायला पाठव," एवढंच म्हणाल्या.

आई तीन आठवडे गेली नाही. "तुह्या बाईले काय सांगू मी? जाऊ दे वं." चौथ्या आठवड्यात मी तिच्याशी बोलणं बंद केलं तेव्हा ती तयार झाली. शनिवार होता, माझी शाळा सकाळची. मी घरी आल्यावर ती निघाली. बाबांची पहिली पाळी होती. बारा वाजता बाईंच्या घरी जाऊन दोनपर्यंत परत यायचं, असं आम्ही ठरवलं होतं. मला तिनं पाट्यावर लाल मिरच्या आणि लसूण वाटायला बसवलं. संध्याकाळी रस्सा करायचा होता. चैत्रातलं ऊन, वरचं टिन तापून कडकड वाजत होतं, माझे तळवे मिरचीनं पेटले होते. दीड वाजायच्या सुमारास चेनच्या झाकणाचा खडखडाट आला. मला वाटलं भास आहे. मग सायकल भिंतीवर आदळली.

भट्टीत काही बिघडलं होतं म्हणून पाळी लवकर सोडली होती. बाबा आत आले, दोन्ही खोल्या पाहिल्या, मोरी पाहिली. "माय कुठी गेली तुही?"

"येऊन राहिली असंल," मी म्हणाले.

ते खाटेवर बसले. पट्टा काढला आणि शेजारी ठेवला. मी वाटत राहिले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. अर्ध्या तासाच्या वर आम्ही दोघं तसेच होतो. वरवंट्याचा आवाज, टिनाचा आवाज, आणि बाबांचा जोडा जमिनीवर ठक ठक वाजत होता. मी उठून पळाले असते, गल्लीच्या तोंडाशी जाऊन आईला तिथेच अडवलं असतं, तर? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वर्षं विचारला. आता विचारत नाही.

आई आली. उन्हानं चेहरा लाल झालेला, पण काहीतरी वेगळं होतं त्या चेहऱ्यावर. इंदूबाईंनी तिला आत बसवून पाणी दिलं होतं, पंखा लावला होता आणि तासभर तिचं ऐकून घेतलं होतं. असं तिचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. दारात बाबांना पाहून ती थबकली, पण नेहमीसारखी आक्रसली नाही.

"कुठी गेली होती?"

तिनं चपला काढल्या, पिशवी हातातच होती.

"परपज काय? सुभद्रे, मी इचारून राहिलो. परपज काय?"

"काही नाही," आई म्हणाली. "परपज-बिरपज काही नाही. मह्या मनात आलं, गेली."

मी वाटणं थांबवलं. बाबांनी खाटेवरचा पट्टा उचलला. मग ते उठले. पहिल्या पट्ट्यात तिच्या हातातली पिशवी उडाली. दुसरा तोंडावर बसला. बकलानं भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तिनं डावा हात आडवा धरला तर त्यांनी तो हात धरून पिळला, आणि सुकी काडी मोडावी तसा आवाज आला. मग पहिल्यांदा आई ओरडली. त्यांनी तिला केसांनी धरलं, भिंतीशी नेलं आणि डोकं भिंतीवर आपटायला लागले. प्रत्येक वेळी विचारत होते. परपज काय? परपज काय? आई उत्तर देत नव्हती. देऊच शकत नव्हती. भिंतीवर ओलसर लाल डाग पडला, तो दर वेळी मोठा होत गेला. भिंतीपलीकडे गंगाकाकू होत्या. तिकडून काही आवाज आला नाही.

मी केव्हा उठले ते मला आठवत नाही. वरवंटा माझ्या दोन्ही हातांत होता आणि तो मिरचीनं बुळबुळीत होता. पहिला घाव बाबांच्या खांद्यावर आणि मानेवर बसला. तो मी कसा मारला ते खरोखर सांगता येणार नाही. त्यांनी आईला सोडलं, एका गुडघ्यावर आले आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आई भिंतीवरून घसरत खाली बसली होती. मारणं थांबलं होतं. मला वरवंटा खाली टाकता आला असता. मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, वरवंटा नीट वर उचलला, कानाचा नेम धरला आणि मारला. आवाज ओला होता. ते आडवे झाले. मग मिरची जखमेत उतरली आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून सगळी गल्ली धावत आली. आईच्या ओरडण्यानं कुणी आलं नव्हतं.

सरकारी दवाखान्यात बाबा एका खाटेवर आणि त्याच लांबलचक वॉर्डाच्या बाहेर, बाकावर आई. तिच्या हाताला प्लास्टर, कपाळाला टाके. बाबांचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, कानाचं काही खरं नव्हतं, पण शुद्ध होती. माझे हात धुऊन धुऊनही जळत होते. संध्याकाळी आईचा भाऊ, मनोहरमामा, कोराडीहून आला. तो तिथल्या वीजकेंद्रात नोकरीला होता, तिथल्याच वसाहतीत राहायचा, भला आणि भित्रा माणूस. त्यानं मला जिन्याखाली नेलं.

"पोलीस बयान घ्याले येईल. तू सांगजो, हातातून निसटला. मायले सोडवाले गेली आन वरवंटा निसटला. समजलं?"

"दोनदा निसटला?"

"वच्छी, तुह्यं लगन व्हायचं आहे अजून. लोक काय म्हणतीन? बापाले मारलं म्हणतीन. मुद्दाम म्हनू नको बेटा, पाया पडतो तुह्या."

हवालदार वयस्क होता, मिशा पिकलेल्या. त्यानं बाबांच्या खाटेजवळच स्टूल ओढलं, आईला आत बोलावलं, मला समोर उभं केलं. मामा माझ्या मागे होता. हवालदारानं सगळं लिहून घेतलं, आणि मग विचारलं, "मुद्दाम मारलं, का हातून लागलं?"

बाबा छताकडे पाहत होते. मामानं माझ्या पाठीला बोट टोचलं, नेमकं वळ होता तिथे.

"पहिला माहीत नाही," मी म्हणाले. "दुसरा मुद्दाम मारला. नेम धरून."

हवालदारानं लेखणी कागदावरून उचलली. "पोरी, मले दोन लेकी आहेत. एकदा अजून इचारतो. नीट इचार करून सांग."

"नीट विचार करूनच सांगते. मुद्दाम मारला."

मामा कपाळावर हात मारून खाली बसला. आणि तेव्हा आई बोलली. "लिवा साहेब. तिनं सांगितलं ते लिवा. आन माह्यं बी लिवा. सतरा वर्षं या माणसानं मले मारलं. ते बी मुद्दाम." मग ती सांगत गेली. फुंकणी. पट्टा. पोटात असताना मारलेली लाथ. पाण्याच्या टाकीत धरलेलं डोकं. काही गोष्टी मी पाहिल्या होत्या, काही मी जन्मायच्या आधीच्या होत्या, काही मी शाळेत असताना झालेल्या. आवाज चढला नाही की रडू आलं नाही. हवालदार आधी थांबवायला बघत होता, मग त्यानं कागद उलटा केला आणि लिहू लागला. आजूबाजूच्या खाटांवरचे पेशंट, त्यांचे नातेवाईक, डबे घेऊन आलेल्या बायका, सगळे ऐकत होते. कागदाची पाठही भरली तेव्हा त्यानं मामाकडे कागद मागितला.

हवालदार निघाला तेव्हा बाबांनी मान न हलवता मला जवळ बोलावलं. मार लागलेला कान पट्ट्यांखाली होता म्हणून मला दुसऱ्या बाजूनं जावं लागलं.

"मी पडलो होतो," ते म्हणाले. "मंग दुसऱ्यांदा काहून मारलं वं?"

पंधरा वर्षांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर त्यांना ऐकायचं होतं. मी खरं तेच सांगितलं. "तुम्ही मरावं म्हणून."

त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहून दिलं की माझी कुणावर तक्रार नाही. लाजेनं दिलं, की मला वाचवायला, की आईचा कागद पुढे जाऊ नये म्हणून, हे मला कळलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. पुढे मी शिक्षिका झाले, तीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं, मनुष्य एखादी गोष्ट कशासाठी करतो याबद्दल बरंच वाचलं. त्या एका सहीचं कारण मात्र मला सांगता येत नाही. बाबांना त्या कानानं पुन्हा ऐकू आलं नाही. त्याचं मला दुःख आहे. पश्चात्ताप नाही. दोन्हींत फरक असतो, हे समजायला मला म्हातारी व्हावं लागलं.

दवाखान्यातून आम्ही दोघी नंदनवनात परत गेलोच नाही. मामानं सगळ्या भीतीसकट आम्हाला कोराडीला नेलं. त्याच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत आम्ही राहू लागलो. तिथे वाळत घातलेल्या कपड्यांवर वीजकेंद्राची राख बसायची, सकाळी बसनं मी शाळेला जायचे. आईचा हात वाकडाच जुळला. तशा हातानं ती वसाहतीतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांचे डबे करू लागली. इंदूबाई महिन्यातून एकदा येत, आईनं केलेल्या पाटवड्या खात आणि तिला सही करायला शिकवत.

पुढच्या वर्षी, सुट्ट्या लागल्यावर, बाबा आले. तितक्या लांब, भर दुपारी, सायकलवर. मामा ड्युटीवर होता. मी खिडकीतून पाहिलं आणि आईला हाक मारली. आई हात पुसत व्हरांड्यात गेली. ते पायरीखालीच उभे राहिले. खूप वाळले होते.

"जेवले का?" आईनं विचारलं.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. आईनं आत येऊन ताट वाढलं. कढी, गोळाभात, वर तेल. ताट तिनं व्हरांड्यात ठेवलं. बाबा पायरीवर बसून जेवले, एक कान तिच्याकडे वळवून, कारण दुसऱ्यानं ऐकू येत नव्हतं. जेवण झालं, हात धुतले, आणि घरात यायला त्यांनी पाऊल उचललं. आई उंबऱ्यात उभी होती. तिनं वाकडा हात चौकटीला लावला.

"तिथूनच जा जी," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

ते उभे राहिले. तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं. मग सायकल घेऊन गेले. आई सायकल वळणाआड जाईपर्यंत उभी राहिली, ताट उचलून घासलं, आणि व्हरांड्यातच चटई टाकून आडवी झाली. मी आत वाट पाहत होते की ती रडेल, हाक मारेल, काही म्हणेल. थोड्या वेळानं जाऊन पाहिलं. दार सताड उघडं होतं, वाऱ्यानं उडून आलेली राख तिच्या पातळावर बसत होती, आणि आई तोंड उघडं टाकून घोरत होती. तिला दिवसा झोपलेली मी त्याआधी कधीच पाहिली नव्हती.